फरसबी, चवळी आणि दोन नळ्यांची बंदूक

दिवाळी अंकासाठी लिहाल का, असं विचारायला आलेल्या बाई माझ्या मळ्यावरच्या गोष्टी ऐकून निघताना दारात थांबून म्हणाल्या, “हलकंफुलकं असू द्या हं. हरणं, भाज्या... सगळं किती गोड आहे!” मी मान हलवली. समोरच्याचं पटलं नाही की मी मान हलवते; वाद टळतो. पण त्या जिना उतरून गेल्यावर मला राग आला. त्यांच्यावर नव्हे. ‘गोड’ या शब्दावर.

मी काही वर्षं एका बियाणे कंपनीत नोकरी केली. दुकान मुंबईत आणि चाचणीचा मळा खारघरच्या डोंगराखाली, तळोज्याच्या अंगाला. मी पनवेलला मावशीकडे राहायची. सकाळची एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं आणि बांधाबांधाने चालत मळा गाठायचा. नातेवाइकांना वाटायचं, मी दिवसभर बागेत हिंडते आणि फुलं हुंगते. मावशी तर पाहुण्यांना सांगायची, “तिला झाडांची आवड आहे ना, म्हणून जाते.” जणू पगार तिथे शोभेला होता.

ते काम असं असतं. कंपनी ठिकठिकाणांहून बियाणं आणते. त्यातलं कुठलं आपल्या मातीत आणि खाडीच्या दमट हवेत तग धरेल, ते आधी लावून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकाच भाजीचे निरनिराळे प्रकार शेजारशेजारच्या वाफ्यांत लावायचे. सगळ्यांना सारखं खत, सारखं पाणी. मग बघत राहायचं. कुठला लवकर फुलतो, कुठल्याची पानं आखडतात, कुठला नुसताच उंच होतो. ज्या वाफ्याने तग धरला त्यातली सगळ्यांत जोमदार झाडं निवडायची, त्यांच्याशेजारी खुणेची काठी रोवायची आणि त्यांच्या शेंगांना हात लावायचा नाही. त्या झाडावरच वाळू द्यायच्या. ते बी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. असे काही हिवाळे गेले की विकण्याजोगं, भरवशाचं बियाणं हाती येतं. एक हिवाळा फुकट गेला तर वर्ष फुकट गेलं.

आमच्याकडे फरसबी, सॅलडचा पाला, बीट, गाजर, नवलकोल अशा ‘इंग्लिश’ भाज्या असायच्या. मुंबईतल्या हॉटेलांना आणि बोटींना त्या लागत. थोडक्यात, मला पगार मिळत होता तो बघण्याचा, आणि बघणं मला येत होतं. कॉन्व्हेंटमध्ये शेवटच्या बाकावर बसून मी मुख्यतः तेच शिकले होते.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी जाऊन बघते तर फरसबीच्या वाफ्याचे शेंडे गायब. नुसते दांडे उभे. मी तिथेच मटकन बसले. मळ्यावरच्या बायकांची मुकादम होती चांगुणाबाय. गावातलीच आगरी बाई, माहेर सारसोळ्याचं, नवरा मिठागरावर. तिचा आवाज असा की डोंगराला सांगितलेलं खाडीला ऐकू जावं.

“बाय, रडताव कं?” ती म्हणाली. “भेकर जेवून गेला. पाहुना आयला तं रडायचं नसतं.”

“भेकर म्हणजे?”

“आता भेकर पन सांगू? त्यो तुमचे बुकान नसंल.”

बुकात तो होता, पण इंग्रजी नावाने. मुंबईची माणसं शिंगवाल्या सगळ्यांनाच हरण म्हणतात. आमच्या डोंगरातून उतरायचं ते मुख्यतः भेकर. कुत्र्यासारखं भुंकणारं, शेळीएवढं लाल हरण. एखाद्या वर्षी वरच्या रानातून सांबरंही येत. ती मोठी, आणि त्यांची भूकही मोठी.

कुणी खाल्लं हे ओळखणं हा या धंद्यातला पहिला धडा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, हे मी कॉलेजात शिकले होते. त्यामुळे ते पाला कातरत नाही, ओढून तोडतं, आणि देठाला चिंध्या लोंबत राहतात. चांगुणाबायला दातांचं ठाऊक नव्हतं, चिंध्या ठाऊक होत्या. सशाने खाल्लं तर देठ सुरीने कापल्यासारखा तिरका. गावातलं बोकड शिरलं तर खाल्ल्यापेक्षा तुडवलेलंच जास्त. माणसाने नेलं तर चांगल्या शेंगा गेलेल्या आणि पाला जिथल्या तिथे. आम्ही दोघी रोज सकाळी वाफ्यांवर ओणव्या होऊन देठ तपासायचो. ती आपलं सांगायची, मी माझं. माझं मराठी ऐकून बायका हसत. चांगुणाबाय म्हणायची, “बाय, तुमचा मराठी बिनमिठाचा हाय. चुकत नाय, पन चव नाय.”

मग मला छंदच लागला. नुकसान टळत नाही तर निदान कळू तरी दे. कुठला वाफा आधी जातो, कुठला शेवटी, कुठल्याला तोंडही लावलं जात नाही, हे मी बघत गेले. फरसबीचे कोवळे शेंडे सगळ्यांत आधी. ते असताना दुसऱ्या कशाकडे वळत नसत. मग चवळी. मग सॅलडचा पाला. त्यावर तर असे तुटून पडत की मुळाशी नुसता पांढरा गड्डा राही. त्यानंतर रताळ्याचे वेल, बीटचा पाला, मटार, गाजराचा पाला. बीट आणि गाजर मात्र जमिनीतच ठेवून जात. उकरायचे कष्ट रानडुकराने घ्यावेत, असा त्यांचा हिशेब असावा. कोबी, नवलकोल हे दुसरं काही नसेल तेव्हा. कांदा, लसूण, पुदिना, शेपू यांच्या वाटेला जात नसत. वासाचं त्यांना वावडं. सुरण नाही, जून वांगी नाहीत. मिरचीला तोंड लावणार नाहीत अशी माझी खात्री होती, तर एका भेकराने मिरचीचे सगळे शेंडे खाऊन मला तोंडघशी पाडलं. “त्याला डोहाले लागलं असतील,” चांगुणाबाय म्हणाली. पुन्हा कधी कुणी खाल्ले नाहीत, म्हणजे बहुधा तसंच असेल.

हे ज्ञान कुणाला हवं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण मला अधूनमधून मुंबईच्या दुकानात बसावं लागे आणि तिथे नमुने भेटत. एकदा लोणावळ्याला बंगला असलेल्या एक बाई आल्या. मोत्यांचे कुडे, हातात पंखा.

“हरणं खाणार नाहीत असं काहीतरी द्या. आमच्या माळ्याने हात टेकले.”

“कांदा लावा,” मी म्हटलं. “लसूण. कडेने सुरण.”

“अहो, पण पाहुणे येतात. दिसायला बरं असं काही?”

“वांगं. फुलं जांभळी असतात.”

“आमच्याकडे वांगं कुणी खात नाही.”

“हरणंही खात नाहीत,” मी म्हटलं. त्या न हसता गेल्या आणि गल्ल्यावरच्या कारकुनाने मला उलट बोलल्याबद्दल समज दिली. मी उलट बोलले नव्हते, फक्त माहिती दिली होती. असो.

आता वईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वई म्हणजे काट्यांचं कुंपण. भातं कापून झाली की डोंगराखालची मंडळी त्याच शेतांत, मातीत उरलेल्या ओलीवर वाल पेरत. भेकराला वाल प्राणाहून प्रिय. तेव्हा डोंगराच्या बाजूने बोरीच्या आणि करवंदीच्या काटेरी फांद्या रचून एकच लांबलचक वई घालायची. ज्याचं शेत जेवढं, तेवढी लांबी त्याने घालायची. एकाने जरी आपला तुकडा उघडा ठेवला, तर बाकीच्यांचे काट्यांनी सोललेले हात फुकट. जनावर तिथून आत येतं आणि हवं तिथे जातं. म्हणून एकच नियम होता. शेवटच्या घरचा वाल निघेपर्यंत वईला कुणी हात लावायचा नाही. भांडणं झाली तरी, बोलणं बंद असलं तरी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आमचा मळा या रांगेच्या टोकाला, थेट डोंगराला लागून होता. म्हणून डोंगराकडचा एक तुकडा कंपनीच्या वाट्याचा होता आणि तो चांगुणाबाय दर वर्षी घालून घ्यायची. तरीही पहिल्या दोन हिवाळ्यांत जनावरं कुठून कुठून शिरत. तिसऱ्या हिवाळ्याला तिने वई अशी घट्ट रचली की मलाच आतून बाहेर पडता येईना.

मळ्याला लागून खालचं पहिलंच शेत तिचं स्वतःचं होतं. वाल म्हणजे तिच्या घरचं वर्षाचं कडधान्य. पावसाळ्यात मिठागर बंद, खाडीत जाता येत नाही, तेव्हा भातावर घालायला घरात वालच असे. तिने एकदा मला सांगितलं होतं, “वाल भरला का मी निवांत झोपते. सोना असता तरी एवढी झोप नसती आयली.”

आणि मग त्याच हिवाळ्यात सबनीससाहेब आले. ते कंपनीचे मालक. एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा येत, गाडीतून उतरत नसत. त्या दिवशी उतरले, काठी फिरवत वाफ्यांतून चालले आणि मला म्हणाले, “मिस, तुम्ही म्हणे हरणांचा अभ्यास केलाय. सांगा पाहू, त्यांना सगळ्यांत काय आवडतं?”

मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी बोलायला लागले. फरसबी, चवळी, सॅलड, रताळी, बीट, सगळं क्रमाने, कारणांसकट. कोवळं का आवडतं, जून का नको, थंडी वाढली की काय बदलतं. साहेबांसमोर मी एवढं सलग कधीच बोलले नव्हते; कुणाहीसमोर बोलले नव्हते. ते मधूनमधून “व्हेरी गुड, व्हेरी गुड” म्हणत होते. मला वाटलं, शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक काढणार. त्या दिवशी एसटीत मी एकटीच हसत होते आणि शेजारची बाई माझ्यापासून जरा सरकून बसली.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले आणि हुकूम सुटले. डोंगराकडच्या टोकाला एक लांब पट्टा नांगरायचा. त्यात फरसबी, चवळी आणि सॅलड, भरपूर, दाट. आणि त्या पट्ट्यासमोरची वई काढून टाकायची.

“काढायची?” मी विचारलं.

“हरणांना आत यायची सवय लागू दे. जानेवारीत माझे मित्र येतायत. आंब्यावर मचाण बांधून घ्या.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून समजावणीच्या सुरात म्हणाले, “तसं सगळं कायदेशीर आहे हो. पीक संरक्षणाचा परवाना आहे माझ्याकडे. पिकात शिरलेलं जनावर मारता येतं.”

असे परवाने तेव्हा मिळत. ज्याचं पोट शेतावर आहे त्याला रानडुक्कर हाकलता यावं, म्हणून. आणि इथे काय होत होतं? पिकाच्या रक्षणासाठी दिलेली बंदूक, आणि त्या बंदुकीसाठी पेरलेलं पीक. आणि काय पेरायचं ते कुणी सांगितलं? मी. वाफ्यावर ओणवून ओणवून पाठ मोडून घेतलेल्या मी, आनंदाने, क्रमवार, कारणांसकट.

लोक मला विचारतात, तुमचं हरणांवर प्रेम होतं का? नव्हतं. माझ्या फरसबीचे ते वैरी होते, आणि कितीतरी सकाळी मी त्यांना मनातल्या मनात शुद्ध इंग्रजीत शिव्या दिल्या आहेत. पण वैऱ्याला आग्रहाने जेवायला बोलावून, पानावर बसला की मारायचं, हे कुठल्याही घरात बसत नाही.

 गाडी गेल्यावर चांगुणाबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मंजे माझे वालाचा रस्ताच उघडला.”

मला एक युक्ती सुचली होती. “आपण पट्ट्यात त्यांना न आवडणारं लावू. गाजराच्या नावाखाली शेपू. साहेबांना पानावरून काही कळत नाही.”

“आनि भेकराला कलंल ना,” ती म्हणाली. “शेपू हुंगंल, नाक मुरडंल आनि सरल खाली माझे वालान जाईल. तुमचे पट्ट्यान आवडीचा असला तं त्यो मरतो, नावडीचा असला तं मी मरते. कुठला लावताव, बोला.”

 तिचं खरं होतं. वई उघडी असेपर्यंत काहीही लावलं तरी कुणाचं तरी जाणारच होतं. शेवटी आम्ही केलं ते अगदी साधं होतं. पट्टा साहेबांनी सांगितला तसाच लावला. वईतली वाटही ते असताना उघडली. आणि त्यांची गाडी फाट्याला वळली की काट्यांच्या फांद्या पुन्हा ओढून बसवल्या. पुढे ते ज्या रविवारी येत, त्या सकाळी उघडायच्या, गेले की बंद. सोमवारपासून शनिवारपर्यंत वई नियमाप्रमाणे. हातांना काटे टोचून मावशीकडे मला हळद लावून घ्यावी लागायची. तिला मी सांगितलं, गुलाब लावतेय. ते तिला आवडलं.

जानेवारीत पाहुणे आले. तिघंजण, खाकी कपडे, पायांत नवे बूट, दोन नळ्यांच्या बंदुका. पहाटे मचाणावर चढले आणि चांगलं ऊन येईपर्यंत बसले. समोर पट्टा असा माजलेला, हिरवागार, एक पान मोडलेलं नाही. वर भेकर दोनदा भुंकलं, पण खाली कुणी उतरलं नाही. महिनाभर बंद असलेल्या दाराशी एका सकाळी कोण येतं?

खाली उतरून ते चहाला बसले. सर्वांत जाडे गृहस्थ म्हणाले, “सबनीस, तुझी हरणं उपासाला बसली आहेत.” सगळे हसले. साहेबांचा चेहरा उतरला आणि त्यांनी तो माझ्याकडे वळवला.

“या आमच्या मिस. बी.एस्‌सी. आहेत. यांनी सांगितलं तेच, तस्संच लावलं. एक पान खाल्लेलं नाही! पुस्तकी ज्ञान दुसरं काय. यांना वाटतं, हरण म्हणजे चित्रातलं.”

मी गप्प राहायला हवं होतं. गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. पाहुणे कंटाळून गेले असते, वाल निघाला असता, हरणं डोंगरात राहिली असती. आणि गप्प राहणं तर माझ्या हातचा मळ होता. पण दोन हिवाळे मी चिंध्या मोजल्या होत्या. चित्रातलं हरण!

“क्रम बरोबर आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “वई बंद होती.”

“कुणी बंद केली?”

“मी.”

“आनि मी,” चहाची किटली घेऊन उभी असलेली चांगुणाबाय म्हणाली. “बाय एकली काय बोरीची फांदी उचलते! हात बगा तिचे, पावासारखे हायत.”

साहेब उठलेच. ओरडले नाहीत, पाहुणे होते. माझ्याकडे बघून हळू म्हणाले, “तुम्ही नोकर कुणाच्या आहात, मिस?” याचं उत्तर मला सुचलं, पण ते पनवेलला पोचल्यावर. मग त्यांनी ड्रायव्हरला पाठवून आमच्या वाट्याची सगळी वई, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उपसून बाजूला फेकायला लावली.

चांगुणाबायने किटली खाली ठेवली. “सायेब, ही वई तुमची एकल्याची नाय. सगल्यांचा वाल हाय तिच्यामागं.”

“चार वालाच्या शेंगांसाठी एवढं?”

“तुमी वाल किती येला खाता, सायेब?”

“मी? वर्षातून एखाद्या वेळी. डाळिंब्यांची उसळ.”

“आमी वर्सभर खातो.”

जाडे गृहस्थ पुन्हा हसले, पण या वेळी साहेबांकडे बघून. साहेबांना ते झोंबलं. “मग तुम्ही तुमची वई आत घ्या,” ते म्हणाले. “माझ्या मळ्याच्या अलीकडून घाला. तुमचा वाल सुरक्षित, माझा मळा उघडा. मला बरंच!” आणि मग मला, “आठवडाभर एकाही जनावराला हाकलायचं नाही. समजलं? सगळा मळाच खुला राहू दे. पुढच्या रविवारी बघू येतात की नाही.”

“साहेब, चाचणीचे वाफे?” मी म्हणाले. “काठ्या लावलेली फरसबी आहे. तिसरा हिवाळा आहे तिचा. शेंगा अजून हिरव्या आहेत, आत्ता तोडून बी मिळणार नाही.”

“हरीण खाऊन खाऊन किती खाणार हो? आणि बी काय, पुन्हा पेरता येतं.”

बियाणे कंपनीचा मालक हे बोलला. त्याच्याच दुकानात, त्याच्याच गल्ल्यावर, पाकिटांवर ‘निवडक’ असं छापलेलं असतं. ती निवड कोण करतं, किती हिवाळे करतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि हरीण किती खातं हेही नव्हतं. मला दोन्ही ठाऊक होतं. पण मला तसं कुणी विचारलं नाही, आणि मी मान हलवली.

सोमवारी सगळा डोंगरपायथा आला. बायका डोक्यावर काट्यांचे भारे घेऊन, पुरुष कोयते घेऊन. दोन घरांचं आपसात बोलणं बंद होतं, त्यांनीही शेजारी शेजारी फांद्या रचल्या आणि तोंडातून शब्द काढला नाही. दुपारपर्यंत नवी वई उभी राहिली, आमचा मळा बाहेर टाकून. शेवटची फांदी हातात धरून चांगुणाबायने मला विचारलं, “बाय, तुमी कुठले अंगाला?”

“माझं काम तिकडे आहे,” मी म्हणाले.

“मंग भाकरी आत्ताच घ्या,” ती म्हणाली, आणि फडक्यात बांधलेली भाकरी मला वईवरून दिली. त्यात सुकट होती. मी मळ्याच्या बाजूला बसून ती खाल्ली.

मंगळवारी पहाटेच्या अंधुक उजेडात पहिलं भेकर आलं. त्या वर्षी सांबरंही खाली उतरली होती, ती त्याच्यामागून आली. मळ्यावरच्या पत्र्याच्या खोपटात रात्र काढून मी बघत होते. टाळी वाजवली असती तर पळाली असती. त्या पट्ट्याकडे आणि वाफ्यांकडे ती गेली, आणि मी सांगते, त्यांनी मला एकदाही खोटं पाडलं नाही. आधी फरसबी, मग चवळी. दोन दिवसांत पट्ट्यातली दोन्ही साफ. मग सॅलड, पांढऱ्या गड्ड्यांपर्यंत. मग रताळ्याचे वेल.

काठ्या लावलेली फरसबी जून झालेली आणि मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात होती, तिच्यापर्यंत ती अजून पोचली नव्हती. चांगुणाबाय वईपलीकडून म्हणाली, “बाय, त्या झाडांवर टोपल्या घालू कं? वर दगड ठेवू. राहतील.”

राहिली असती. मी त्या झाडांपाशी जाऊन उभी राहिले. एकेका झाडाची मला ओळख होती. कुठलं आधी फुललं, कुठल्याची पानं दमट हवेतही आखडली नाहीत, कुठल्याच्या शेंगा सरळ. पण ती राखली तर रविवारी सगळ्या मळ्यात तेवढीच फरसबी उरणार होती. तिच्या वासावर पहाटे कोण येणार आणि वर आंब्यावर कोण बसलेलं असणार, हे मला दिसत होतं.

“नको,” मी म्हणाले.

“बगा हां. तीन हिवाले.”

“नको म्हटलं ना!” मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात मी कुणावर ओरडले असेन तर ते चांगुणाबायवर, आणि तिचा काही दोष नव्हता. ती वाल खुरपत राहिली.

गुरुवारी ती झाडं गेली. देठांना चिंध्या. मी सवयीने तपासल्या आणि खुणेच्या काठ्या उपटून खोपटाला टेकवून ठेवल्या. त्या काठ्यांचा मला अजून राग येतो. एका माणसाला रविवारी करमत नाही म्हणून मी माझ्या हातचं काम जनावरांपुढे टाकायचं, आणि तेच त्यातल्या त्यात बरं ठरायचं! असा हिशेब कुणावर येऊ नये. त्यात काय गोड आहे ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

शनिवारपर्यंत बीटचा पाला, मटार, गाजराचा पाला, कोबीसुद्धा संपला. सांबरं आणि भेकरं त्या संध्याकाळी एकदा येऊन हुंगून गेली आणि वरच्या रानाकडे वळली.

रविवारी पाहुणे पहाटेच चढले. मी खोपटाशी उभी होते; साहेबांनी यायला सांगितलं होतं. उजाडलं तसा मळा दिसायला लागला. कांद्याचे वाफे, लसणाचे वाफे, शेपू, जून वांगी, आणि मध्ये सगळीकडे नुसती तपकिरी माती. तीन माणसं तीन बंदुका रोखून कांद्यांवर पहारा देत बसली होती. ऊन वर आलं. एक होला येऊन लसणात बसला आणि उडून गेला.

साहेब गाडीतून उतरून वाफ्यांतून धावत सुटले, मग माझ्यासमोर येऊन थांबले. “हे... हे कधी झालं?”

“आठवडाभरात. हाकलू नका म्हणाला होतात.”

माझी नोकरी तिथेच संपली, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. ते काही म्हणायच्या आत जाडे गृहस्थ मचाणावरून धापा टाकत उतरले. बंदूक खांद्यावर टाकून, टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि मला अगदी आदबीने विचारलं, “मिस, यातलं नक्की काय आवडतं हो त्यांना?”

“यातलं काहीच नाही. आवडीचं होतं ते संपलं.”

त्यांची नजर मळ्यावरून फिरून वईपलीकडे गेली. तिकडे वाल भरगच्च उभा होता, शेंगांनी वाकलेला, आणि चांगुणाबाय ओच्यात शेंगा तोडत होती.

“आणि तो तिकडचा? तो आवडत असेल ना?”

मी तोंड उघडलं होतं, पण उत्तर वईपलीकडून आलं. तिने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही.

“त्यो आमाला आवडतो.”